उजळणीतले घोळ: तुमचे सायन्सचे प्रश्न

मागच्या अंकात गोव्यातल्या सहावी ते आठवीच्या पोरांकडून सायन्सचे प्रश्न मागवले होते. पोरांनी पाठवलेच, पण त्यांच्या आयांनी आणि एका आजीनेसुद्धा पाठवले, त्यामुळे सगळे छापणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत. वाचताना एक गोष्ट मात्र परत परत दिसत होती. पोरांना काही येत नाही असं अजिबात नाहीये, येतं खूप, पण दोन जवळजवळच्या गोष्टी डोक्यात एकमेकीत मिसळून बसलेल्या असतात, उकळणं आणि बाष्पीभवन, श्वास घेणं आणि श्वसन, उष्णता आणि तापमान, आणि पेपर काढणारा बरोबर तिथेच बोट ठेवतो. (पेपर काढणारे काही दुष्ट नसतात हो, कोणाला समजलंय ते त्यांना तिथेच कळतं.) म्हणून यावेळची उत्तरं त्या जोड्या पकडूनच दिलीत.

प्रश्न: मॅडम, मुलगी सातवीत आहे. एकच चॅप्टर चार-चार वेळा वाचते, मी विचारलं की "येतंय गं मम्मी" म्हणते, आणि टेस्टला कोरा पेपर. काय करू? (एक आई, म्हापसा)

उत्तर: ताई, ते चार-चार वेळा वाचणंच आधी बंद करा. वाचलेलं ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असं वाटतं, पण टेस्टमध्ये ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. खोटं बोलत नाहीये ती, तिला खरंच तसं वाटतंय.

जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले, काही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं, आणि १८८५ साली ते सगळं छापलं. त्यात दिसलं की विसरणं सगळ्यात जोरात होतं ते सुरुवातीलाच, पहिल्या काही तासांत, नंतर त्याचा वेग मंदावत जातो. म्हणजे आज वाचलेलं उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी एकदा आणि मग आठवड्याने एकदा आठवून बघितलं की ते टिकतं, आणि रविवारी एकदम चार तास कोंडून बसवलं की टिकत नाही, वर घरात भांडण होतं ते वेगळंच.

आठवून बघायचं म्हणजे पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि पचनसंस्था असेल तर तोंडापासून सुरू करून जे आठवेल ते काढायचं. अडली तर अडू दे, लगेच सांगू नका. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनने भरायचं, पुढच्या वेळी अभ्यास फक्त त्या लाल भागाचा. पुस्तकात बघून बघून काढलेली आकृती म्हणजे ड्रॉइंगचा तास, सायन्सचा नाही. आणि एक वेगळी वही करा, प्रत्येक पानाचे उभे दोन भाग, एकीकडे एक गोष्ट आणि दुसरीकडे तिच्याशी गोंधळणारी गोष्ट, फरक एका ओळीत. बस. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश, त्यात पोरं पाठांतराकडे वळतात, त्यांचाही दोष नाही. घरी समजून मराठीतच घेऊ दे, तुम्हाला समजावून सांगू दे, संज्ञा तेवढ्या इंग्लिशमधल्या वापरू दे.

प्रश्न: टीचर, आमच्या हडफड्याच्या मिठागरात पाणी कधी उकळत नाही तरी ते जातं कसं? आणि तसं असेल तर जुलैत माझा युनिफॉर्म दोन-दोन दिवस का सुकत नाही? (सातवी)

उत्तर: वा रे वा, एका प्रश्नात पूर्ण चॅप्टर आणलास.

पाण्याचे रेणू सगळे एकाच वेगाने हलत नसतात, काही हळू, काही एकदम जोरात. पृष्ठभागावरचे जे जोरात असतात ते सुटून हवेत जातात. हे बाष्पीभवन, आणि ते कुठल्याही तापमानाला चालू असतं, ३० अंशाला पण आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या वाटीतून पण. उकळणं वेगळं. ते एका ठराविक तापमानाला होतं, समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियस, आणि ते फक्त वरून होत नाही, पाण्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन वर येतात. आता इथे पेपरात हमखास विचारतात की त्या बुडबुड्यात काय असतं, आणि अर्धा वर्ग हवा लिहितो. भांडं तापायला लागलं की सुरुवातीला जे बारीक बुडबुडे कडेला चिकटतात त्यात पाण्यात विरघळलेली हवा असते, हे खरं, पण नंतर खदखदणारे मोठे बुडबुडे वाफेचे. आणि किटलीच्या तोंडातून जो पांढरा धूर दिसतो ना, ती वाफ नाही, वाफ दिसतच नाही, ते गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब आहेत.

आता मिठागर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं बहुतेक आपलं खायचं मीठ. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून, आत घेतात आणि उथळ वाफ्यांत पसरतात, उथळ का, तर पाणी तेवढंच पण पृष्ठभाग मोठा, म्हणजे सुटायला जागा जास्त. पाणी जातं, मीठ जात नाही, मग उरलेलं पाणी खारट होत होत एका टप्प्यावर त्यात आणखी मीठ मावेनासं होतं. त्याला संपृक्त द्रावण म्हणायचं. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं, म्हणजे हिशोब कर, समुद्राचं पाणी आटून दहाव्या भागावर आलं की मग कुठे मिठाचे खडे बसायला लागतात. म्हणून मीठ काढायचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकावं लागतं, एक मोठी सर आली की सगळं परत पातळ.

आणि युनिफॉर्म. जुलैत आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कपड्यातून जेवढे रेणू सुटतात जवळजवळ तेवढेच परत येऊन बसतात, म्हणून दोरीवर असून पण ओला. पंख्याखाली लाव, वारा कपड्याजवळची दमट हवा ढकलून देतो. तापमान, वारा, पृष्ठभाग, हवेतला ओलावा, बाष्पीभवनाच्या वेगाची चार कारणं तुझ्या एका शर्टात सापडतात.

आणि हो, पत्रात तू मीठ पाण्यात "वितळतं" लिहिलंयस. मीठ विरघळतं. वितळायला त्याला ८०१ अंश लागतात.

प्रश्न: टीचर, माझे पप्पा म्हणतात सुंगटं (कोळंबी) म्हणजे नुस्तंच (मासळीच), मग पुस्तकात ती माशांत का नाहीत? आणि मोरीला (शार्कला) हाडंच नसतात तर ती मासा कशी? (सहावी, काणकोण)

उत्तर: पप्पांचं बरोबर आहे, बाजारात जे मिळतं ते सगळं नुस्तं, टोपलीत काय ठेवायचं ते विकणारी ठरवते. सायन्समध्ये आपण शरीराची रचना बघून गट करतो. पाठीचा कणा, श्वास घ्यायला कल्ले, पोहायला पर, हे असलं की मासा. बांगडा, तारली, इसवण, शेवटो, सगळे यात बसतात.

आता तुझी सुंगटं. नीट बघ, पाठीचा कणा नाही, अंगावर बाहेरून कवच आहे आणि पायांना सांधे आहेत. चालायचे पाय मोज, दहा भरतील. कुर्लीचे (खेकड्याचे) पण मोज, तिच्या नांग्या धरून दहाच. म्हणजे सुंगट आणि कुर्ली एका घरातली, संधिपाद, आर्थ्रोपोडा, आणि या गटात अजून कोण येतं माहितीये, झुरळ, कोळी, मुंगी, फुलपाखरू. हे वाचून कोणी सुंगटं खायचं सोडू नये ही विनंती. कवच वाढत नाही म्हणून ही मंडळी मधून मधून ते टाकून देतात आणि नवीन येईपर्यंत मऊ असतात.

तिसऱ्या, खुबे, कालवं आणि माणकी (स्क्विड) हा तिसरा गट, मृदुकाय, मोलस्का, मऊ अंगाचे प्राणी. तिसरीचे दोन शिंपले तर दिसतातच. माणकीचं कवच मात्र आत गेलंय, साफ करताना आतून जी पारदर्शक पट्टी निघते ना प्लास्टिकसारखी, तेच ते. माणकीला आठ हात आणि शिवाय दोन लांब शुंडक असतात, आणि तिचं रक्त निळसर असतं कारण आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहायला लोहाचं हिमोग्लोबिन असतं तर तिच्यात तांबं असलेलं हिमोसायनिन. परीक्षेत हे येणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मोरीचा प्रश्न एकदम हुशारीचा. तिला हाडं नाहीत, पण सांगाडा आहे, तो कूर्चेचा, म्हणजे तुझ्या कानाचा वरचा भाग धरून वाकव, वाकतो ना, त्याच्यात जे आहे ते. पाठीचा कणा आहे, फक्त कूर्चेचा आहे, कल्ले आहेत, पर आहेत, म्हणून मोरी पक्की मासा. वागळं, तो चपटा मासा, पण तिच्याच कुळातला. जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल शार्क, तोही याच गटातला. उलट पळोळ्याला होडीतून जे डॉल्फिन दाखवतात ते दिसायला मासा पण मासा नव्हे, फुप्फुसं आहेत म्हणून श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि पिल्लाला दूध पाजतात, सस्तन प्राणी. जेलीफिश आणि स्टारफिश या दोन नावांना तर अजिबात फसू नकोस, दोघांनाही कणा नाही. पुढच्या रविवारी पप्पांबरोबर बाजारात गेलीस की टोपली टोपलीने गट कर, एका फेरीत चॅप्टर संपतो.

प्रश्न: सर/टीचर, दोन प्रश्न आहेत. काजूची बी फळाच्या बाहेर का असते? आणि आमच्या आजोबांची काजूच्या फेणीची भट्टी आहे, तिथे होतो तो बदल भौतिक की रासायनिक? फ्रेंड म्हणतो भौतिक, मी म्हणतो रासायनिक. (आठवी, सत्तरी)

उत्तर: दोघंही बरोबर आणि दोघंही अर्धे, पण आधी बी.

बी फळाच्या बाहेर नाहीच मुळी. आपण ज्याला फळ समजतो तो बोंडू खरं फळच नव्हे, तो फुलाचा देठ आहे, फुगलेला. फुलातल्या अंडाशयापासून जे बनतं ते खरं फळ, आणि काजूत ते म्हणजे खाली लटकणारी ती मूत्रपिंडाच्या आकाराची राखाडी गोष्ट, तिच्या कवचाच्या आत बी, जी आपण खातो. म्हणजे बी फळाच्या आतच आहे, बोंडू हे फसवं फळ. सफरचंदात पण आपण खातो तो बराचसा भाग अंडाशयाचा नसतो. कच्च्या काजूच्या कवचातल्या चिकाने हात भाजतो ते तुला सांगायला नको, सत्तरीतल्या पोराला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. झाड मूळचं ब्राझीलकडचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलं, आणि आता ते आपलंच झालंय.

आता भट्टी. बोंडू मळून निघालेला रस भांड्यात ठेवतात, तेव्हा खाली आग नसते, तरी तो फेसाळतो. त्यातलं यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. साखर गेली, नवीन पदार्थ आले, म्हणजे रासायनिक बदल, याला किण्वन म्हणतात. फेस म्हणजे तो बाहेर पडणारा वायू. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव आणि सुरेने (माडाच्या ताडीने) आंबवलेली इडलीसारखी सान्नं फुगतात ती याच वायूमुळे, जुने पोदेर पिठात सूरच घालायचे.

मग तो आंबलेला रस भाणात घालून खाली आग लावतात. अल्कोहोल साधारण ७८ अंशाला उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणून आधी जी वाफ निघते तिच्यात अल्कोहोलचं प्रमाण जास्त, ती नळीतून नेऊन गार केली की परत द्रव. पहिल्या खेपेला हुर्राक, तो परत तसाच उकळून गार केला की फेणी. इथे नवीन काहीही बनलं नाही, जे होतं ते वेगळं केलं, म्हणजे भौतिक बदल, ऊर्ध्वपातन. एकाच भट्टीवर दोन टप्पे, पहिला तुझा आणि दुसरा फ्रेंडचा, भांडण मिटलं. (आजोबांना प्रश्न विचारायचे, चव घ्यायची नाही.)

या निमित्ताने एक तक्रार करते. "परत पहिल्यासारखं करता येतं तो भौतिक, येत नाही तो रासायनिक" असं पोरांना घोकायला लावतात, ते अर्धंच खरं आहे. चिरा (जांभा दगड) हातोड्याने फोडलास तर तो परत जोडता येणार नाही, तरी बदल भौतिकच, कारण तुकड्यात पण तेच आहे जे चिऱ्यात होतं. विचारायचं एवढंच, नवीन पदार्थ बनला का? खिडकीच्या गजाला गंज चढतो तेव्हा लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून लोहाचा ऑक्साइड बनतो, नवीन पदार्थ, रासायनिक. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तो जास्त लवकर चढतो. आणि चिऱ्याचा तांबडा रंग पण लोहाच्या ऑक्साइडचाच, लाखो वर्षं उष्ण दमट हवेत खडक झिजला, पावसाने त्यातलं बाकीचं बरंच धुऊन नेलं आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले.

प्रश्न: बाई, नात म्हणते रात्री झाडाखाली झोपलं तर झाड आपला ऑक्सिजन खाऊन टाकतं. आम्ही उन्हाळ्यात अंगणात आंब्याखाली झोपून लहानाचे मोठे झालो, आम्हाला कधी काही झालं नाही. खरं काय? (एक आजी, फोंडा)

उत्तर: आजी, नातीने अर्धं बरोबर वाचलंय. झाड प्रकाशसंश्लेषण फक्त उजेडात करतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतं. श्वसन मात्र दिवसा पण करतं आणि रात्री पण, अगदी आपल्यासारखं, दिवसा ते आपल्याला कळत नाही कारण प्रकाशसंश्लेषण त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात चालू असतं. रात्री फक्त श्वसन उरतं. पण ते इतकं सावकाश असतं, आणि तुमच्या अंगणात हवा मोकळी खेळत असते, की त्याने तुम्हाला काही होणार नव्हतं. खोलीत कुंडी असेल तर तिच्यापेक्षा शेजारी झोपलेला माणूस जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. आंब्याखाली झोपलात ते ठीक, माडाखाली नका झोपू, पण त्याचं कारण नारळ.

नातीला एवढं सांगा की श्वास घेणं आणि श्वसन या दोन गोष्टी आहेत. श्वास म्हणजे हवा आत बाहेर करणं. श्वसन होतं पेशीत, तिथे अन्नातल्या साखरेपासून ऊर्जा काढतात. झाडाला फुप्फुसं नाहीत, ते श्वास घेत नाही पण श्वसन करतं. वरच्या उत्तरातलं यीस्ट तर ऑक्सिजन नसताना पण काम चालवतं. मुळांना पण ऑक्सिजन लागतो, आणि हे बघायचं असेल तर रायबंदरहून फेरीने चोडणला जा, सलीम अली पक्षी अभयारण्यात, ओहोटीला खारफुटीच्या चिखलातून टोकदार मुळं वर आलेली दिसतात. त्या चिखलात हवाच नसते म्हणून ती मुळं बाहेर येऊन हवा घेतात.

प्रश्न: जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते असं वाचलं. मग तेव्हा थंडी कशी? पुस्तकात काहीतरी चुकलंय ना? (आठवी, वास्को)

उत्तर: पुस्तकात चूक नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आपल्यापासून साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटीवर. फरक पन्नास लाख किलोमीटरचा, ऐकायला प्रचंड, पण एकूण अंतराच्या मानाने तीन-साडेतीन टक्केच. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. जो गोलार्ध सूर्याकडे कललेला तिथे ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवस मोठा.

याचा पुरावा तुझ्याच गावात आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या भारताच्या केंद्रांचं काम तिथूनच चालतं. तू डिसेंबरात पहाटे चादर ओढून घेतोस तेव्हा तिथे उन्हाळा असतो आणि सूर्य मावळतच नाही. अंतरामुळे ऋतू होत असते तर अख्ख्या पृथ्वीवर एकदमच थंडी पडली असती की नाही? पेपरात हे एक वाक्य लिहिलंस तरी तपासणारा खूश.

आणखी एक गंमत, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेपंधरा अंशांवर, त्यामुळे सूर्य वर्षात दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभी काठी ठेव, सावली बुडातच जाते. ऑगस्टात ढग असतात, मेमध्ये बघ. दिल्लीला हे कधीच दिसत नाही.

प्रश्न: मॅडम, मुलाच्या पांढऱ्या शर्टावर हुमण (माशाची आमटी) सांडलं, पिवळा डाग होता तो साबण लावल्यावर लालभडक झाला. साबण खराब आहे का? (एक आई, मडगाव)

उत्तर: साबण चांगला आहे, आणि तुमच्या हातून अ‍ॅसिड-बेसचं प्रॅक्टिकल झालं. हळद ही दर्शक आहे, आम्लात पिवळीच राहते आणि आम्लारीत लाल-तपकिरी होते, साबण आम्लारी. भरपूर पाण्याने धुवा, परत पिवळा होईल, आणि मग कडक उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

मुलाला यातला घोळ मात्र दाखवा. हळदीचं पाणी लावून सुकवलेल्या कागदावर विड्याचा चुना लावला की लाल, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. पण कोऱ्या पिवळ्या कागदावर लिंबू पिळलं तरी पिवळा आणि साधं पाणी टाकलं तरी पिवळा! म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पिवळी असताना आम्ल आणि उदासीन यातला फरक तिला कळत नाही. तिथे जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घ्या, आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. दोन्ही दर्शक मिळून उत्तर येतं, आणि "फक्त हळद दिली तर तीन बाटल्या ओळखता येतील का" असला प्रश्न आला की आम्लारीने लाल झालेलाच कागद घ्यायचा, ज्याच्या थेंबाने तो परत पिवळा होतो ते आम्ल, उरलं ते उदासीन.

प्रश्न: कळंगुटला दुपारी वाळूत पाय भाजतात आणि पाणी गार. ऊन तर दोघांवर सारखंच ना? (सातवी)

उत्तर: ऊन सारखं, म्हणजे मिळालेली उष्णता साधारण सारखी, पण तापमान सारखं नाही. इथेच ती जोडी आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात, वाळूला त्याच्या पाचव्या भागाएवढीच उष्णता पुरते. शिवाय पाणी हलतं आणि ऊन त्यात खोलवर जातं, वाळूत मात्र वरचा थरच तापतो, पाय थोडा आत खुपसलास तर लगेच गार लागेल. दुपारी जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग उलटं, मतलई वारे. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या, डिझेलचा खर्च शून्य. परीक्षेत कुठला वारा कधी ते विसरलास तर फक्त विचार, आत्ता जास्त गरम कोण? वारा गार बाजूकडून गरम बाजूकडे.

आता उरलेले छोटे.

वजन आणि वस्तुमान यात फरक काय, सहावीतल्या तिघांनी विचारलंय. वस्तुमान म्हणजे तुझ्यात द्रव्य किती, ते कुठेही गेलास तरी तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वी तुला किती जोराने ओढते, ते न्यूटनमध्ये. ३६ किलो वस्तुमान असेल तर इथे वजन साधारण ३५३ न्यूटन, चंद्रावर त्याच्या सहावा भाग. चंद्रावर स्प्रिंगचा काटा नेलास तर तो ६ किलो दाखवेल, दोन पारड्यांचा तराजू नेलास तर ३६ च, कारण दुसऱ्या पारड्यातली वजनं पण तेवढीच हलकी होणार.

गणेश चवथीला लावलेल्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ का जाते? एकसर जोडणी, वाट एकच, ती तुटली. हल्लीच्या एलईडी माळांत छोटे छोटे गट असतात म्हणून एक तुकडाच जातो. घरात समांतर जोडणी, हॉलचा दिवा गेला म्हणून फ्रिज बंद पडत नाही.

वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का आणि ती किती लांब पडली ते कसं काढायचं? (आठवी, केपे) दोन्ही एकाच वेळी होतात, पण प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो आणि आवाज हवेत फक्त साधारण ३४० मीटर. चमकली की सेकंद मोज, आवाज आला की थांब, तिनाने भाग, किलोमीटर मिळाले. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. आणि गडगडाट ऐकू येण्याएवढी वीज जवळ असली की ती तुझ्यापर्यंत पण पोचू शकते, तेव्हा मैदानात नको, माडाखाली तर नकोच, आधी घरात ये आणि मग मोज.